पांढरीवरची समाधी

त्या म्हाताऱ्याला काडीची अक्कल नव्हती. गोठ्यात गप पडून राहा म्हणून रुद्रम्मानं सकाळपासून घसा कोरडा केला, तरी तो पांढरीवर जाऊन खणलेल्या चराच्या काठाला उकिडवा बसला. शहरातल्या पोरी ब्रशनं माती झाडत होत्या, ते बघून खुदूखुदू हसत होता.

"उठा," रुद्रम्मा दबक्या आवाजात म्हणाली. "लोकांत बसायची हौस आली व्हय? भाकर ठेवलीय. चला गोठ्यात."

म्हातारा दाढी खाजवत उठला. गेल्या शिवरात्रीनंतर तो कर्नाटकातून चालत आला होता. बोलायचा ते कानडीच जास्त. रुद्रम्मानं त्याला मळ्यात राखणीला ठेवून घेतलं.

"राखण तो करतोय का आपण त्याला राखतोय?" सून महेश्वरी कुरकुरली होती. पण रुद्रम्मापुढं तिचं काय चालायचं!

पांढरी म्हणजे मळ्याला लागून असलेलं जुन्या वस्तीचं टेकाड. जमीन सरकारची. पुण्याचे रणधीर सर पोरापोरींना घेऊन तिथं हजारो वर्षांपूर्वीची दफनं शोधत होते. खापरं निघाली, मणी निघाले, शंखाच्या बांगड्या निघाल्या. माणूस मात्र एकही निघाला नव्हता. आणि आता चर महांतप्पाच्या समाधीला येऊन भिडला होता.

महांतप्पा रुद्रम्माचा नवरा. त्याची हकीगत साऱ्या गावाला पाठ होती. मुलगा मल्लेश पाळण्यात असताना तो देवाला म्हणून कर्नाटकात गेला आणि तिकडं पटकीनं मेला. रुद्रम्मानं भावाला घेऊन बैलगाडीतून मढं आणलं. पटकीच्या धास्तीनं चिटपाखरू जवळ फिरकलं नाही. बहीणभावांनीच खड्डा काढला, लिंगायतांच्या रीतीनं देह बसवून ठेवला, इभूत टाकली आणि माती लोटली.

"सर, आत कोण न्हाय," पुतण्या शरणप्पा चारचौघांत म्हणाला. "काका मेला न्हाय, पळून गेलता. सोताचा वाटा कवाच उडवून बसला हुता. काकू विधवा झाली म्हणून माझ्या बापाला दया आली, आपल्यातली जमीन दिली. हे रिकामं निघू द्या, उद्याच जमीन माघारी घेतो."

"दया?" रुद्रम्मा कडाडली. "पटकीचं नाव ऐकून तुझा बाप माळ्यावर चढून बसलता. धोतर तरी जाग्यावर हुतं का, वर गेलास की इचार त्याला."

लोक हसले. शरणप्पा हसला नाही.

"आजी," रणधीर सर म्हणाले, "आत कुणी असलं तर लगेच झाकू, चर दुसरीकडं वळवू. नसलं तर मात्र ही जागा आम्हाला पुरी खोदावी लागेल."

मल्लेश पुढं झाला. "आई, तू घरी जा. तुला बघवायचं न्हाय."

"न्हाय. हितंच बसते." रुद्रम्मानं फतकल मारली. "खोद रं बाबा. पण आदी चपला काढ."

वरचा कट्टा उतरवला. माती निघू लागली. नुसतीच माती. रुद्रम्मानं पदराआड गळ्यातलं लिंग मुठीत घट्ट धरलं होतं. घरदार, मल्लेशचा मळा, गावातली मान, सगळं त्या खड्ड्यात होतं.

कंबरभर खोल गेले तरी काही नाही.

"काय काकू," शरणप्पानं मिशीवर बोट फिरवलं, "काका हवा पालटाया गेला का काय?"

रुद्रम्मा सरकत खड्ड्याच्या काठाशी गेली.

एवढ्यात सोनाली नावाच्या विद्यार्थिनीचा ब्रश थांबला. "सर. कवटी."

कवटी उभी होती. ब्रश खाली सरकला तसे खांदे दिसले, मग जवळ घेतलेले गुडघे. माणूस बसलेला होता.

म्हाताऱ्या बायांनी हात जोडले. महेश्वरीला रडू फुटलं.

"सर, पण हाडं फारच जुनाट वाटतात," सोनाली हळूच म्हणाली. "आणि बाजूला एक भांडं..."

"पुरे," सर म्हणाले. "बसवून पुरायची चाल यांचीच आहे. अजून काय पाहिजे? घरातला माणूस आहे तो, त्याला आणखी उघडा पाडायचा नाही. झाका."

शरणप्पाचं तोंड उतरलं. तो येऊन रुद्रम्माच्या पाया पडला. "काकू, चुकलं."

"माझ्या कशाला? त्याच्या पड. आन् पुन्यांदा माझ्या बांधावर दिसलास तर तंगडं मोडून हातात देईन."

तो मुकाट खड्ड्यापुढं वाकला. रुद्रम्मा मल्लेशच्या हाताला धरून खाली उतरली. तिनं त्या कवटीला इभूत लावली, बेल वाहिला आणि हात जोडले. छातीवरची धोंड कुणी उचलून बाजूला ठेवावी तसं तिला झालं. डोळे आपोआप वाहू लागले. साऱ्या गावानं ते बघितलं.

सामान गोळा करताना रणधीर सर कसनुसं हसले. "आमचा माणूस काही सापडेना बघा, आजी."

"घावंल की," रुद्रम्मा मायेनं म्हणाली. "नशिबात असंल तर." आणि तिनं सगळ्यांना घरी चहाला बोलावलं.

गुरं परतायच्या वेळेला ती दूधभाकर घेऊन गोठ्यात गेली. दार आतून लावून घेतलं. म्हातारा बाजेवर बसला होता.

"काय निघालं?" त्यानं विचारलं.

रुद्रम्मानं ताट त्याच्यापुढं सरकवलं, कमरेवर हात ठेवले आणि त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"धनी, तुमची हाडं घावली. साऱ्या गावानं बघितली, पाया बी पडले. आता तरी मेलेल्या माणसावानी एका जागी गप बसा."