खालच्या बागेतलं उत्तर

"पाणी सोडलंय रे," भिवा म्हणाला आणि मान वळवून ऐकत राहिला.

उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच म्हटलं.

अक्षताने वडिलांचे ओठ चमच्याने ओले केले. कालपासून हेच चाललं होतं. आधी तिने मोरीतला नळ तपासला. शेजारच्या सुलक्षणाबाई म्हणाल्या, गंगेचं पाणी मागत असतील. तेही पाजून झालं. डॉक्टरांनी आता घरीच असू द्या म्हणून सांगितलं होतं. पण चारकोपच्या त्या बैठ्या घरात भिवाचा डोळा मिटत नव्हता. हाक मारायची आणि कान देऊन पडून राहायचं.

शेवटी तिने बोरीवलीला काकाला फोन केला. सहदेव येईल अशी तिला आशा नव्हती. तिच्या जन्माआधीपासून भाऊ भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नकार्यात एका पंगतीलाही बसत नसत.

सहदेव आला. दाराबाहेर चपला काढून खाटेपाशी उभा राहिला.

"पाणी सोडलंय रे."

सहदेव खाटेच्या कडेवर टेकला.

"कसलं पाणी, काका?"

"पाटाचं."

"म्हणजे? आपल्या गल्लीतल्या गटारासारखं काहीतरी?"

"गटार पाणी घालवतं गं. पाट पाणी पोचवतो." सहदेव भावाकडे बघतच बोलत होता. "ओढ्याला बांध घालायचा आणि तिथून उताराने चर खणत बागेपर्यंत न्यायचा. तो पाट. गावाला वरची बाग दादाची, खालची माझी. त्याचं शिंपून झालं की तो माझ्या बाजूचं तोंड अडवणारा चिखल काढायचा आणि अशी हाक मारायचा. मधे झाडी, एकमेकांना दिसत नसू. पाणी माझ्या पोफळीत शिरलं की मी खालून ओरडायचो, 'पोचलां'. ते ऐकल्याशिवाय वरच्याने घरी जायचं नाही, अशी रीत. खेकडे पाट पोखरतात. पाणी वाटेतच जिरलं तर त्यानेच बघायचं."

"आणि भांडण?"

"एका उन्हाळ्यात मी तापाने पडलो होतो. खालून उत्तर द्यायला कोणी नव्हतं. दादा रोज हाक मारायचा आणि तसाच घरी जायचा. पाट मधेच फुटला होता. मी उठलो तेव्हा नव्या पोफळी जळून गेल्या होत्या."

भिवाने पुन्हा हाक मारली. पुन्हा मान वळवली.

"तेव्हा थांबले नाहीत," अक्षता म्हणाली, "म्हणून आता थांबलेत. दे ना उत्तर, काका. एका शब्दाचं तर काम आहे."

सहदेवने चादरीची घडी नीट केली. मग तो नुसताच भावाच्या पावलांवर हात ठेवून बसला. दुपार कलली. भिवाचा आवाज बारीक होत गेला.

अक्षताला राहवलं नाही. "सुपारीची झाडं रे ती. इथे माणूस तळमळतोय. एवढा राग कुठे घेऊन जाणार आहेस?"

"राग कधीच संपला गं," सहदेव म्हणाला. "पण उत्तर ऐकलं की वरचा माणूस घरी जातो."

अक्षताचा चमचा वाटीवरच थांबला. ती बराच वेळ वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने वाटी बाजूला ठेवली आणि काकाकडे बघून मान हलवली.

"पाणी सोडलंय रे." आता शब्द जेमतेम ऐकू येत होते.

सहदेव भावाच्या कानाशी वाकला.

"पोचलां रे दादा. शेवटच्या पोफळीपर्यंत पोचलां. जा आता घराक."

भिवाने वळवलेली मान सरळ केली.