उमेदवाराचं कपाळ

"सूनबाई, आज टिकली काढ ना," मी हात जोडले. काल बातम्यांत तिच्या कपाळाभोवती लाल गोल काढून दाखवला होता: 'नवरा जाऊन वर्षही नाही, तरी नगराध्यक्षपदाच्या उमेदवार नटतात!' मुलगा गेल्यापासून मला लोकांची फार भीती वाटते.

तिने टिकली आरशाला चिकटवली आणि ती अंगणात पत्रकारांपुढे गेली. मी दारात उभा राहिलो.

"ताई, आज टिकली नाही? घाबरलात?"

"नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्याबद्दल विचारा की."

कुणी विचारलं नाही. कॅमेरा माझ्याकडे वळला.

"आजोबा, सुनेनं निवडणूक लढवायला तुमची परवानगी आहे ना?"

मी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्यापुढे न घाबरलेली ती माझ्या उत्तराला घाबरली होती.