घरातला प्रसंग

दिग्दर्शिका हेमांगी दळवीच्या नव्या सिनेमातला भांडणाचा प्रसंगही मूळशोधक यंत्राने जुना ठरवला आणि पडद्याच्या कोपऱ्यात आणखी एका चित्रपटाचं नाव उमटलं. कायदाच होता तसा. ज्याची नक्कल, त्याचं नाव प्रेक्षकांना दिसलंच पाहिजे. हेमांगी आता चिडतही नव्हती. पन्नाशी उलटल्यावर माणसाने चिडायचं तरी किती?

“आता शेवटचा प्रसंग लावा, प्रभुणे,” ती संकलकाला म्हणाली. “हा माझ्या घरातला आहे. याचं मूळ कुठून सापडणार?”

प्रसंग साधाच होता. घर सोडून निघालेला बाप फाटकापाशी थांबतो, स्वतःचा मफलर मुलीच्या गळ्यात गुंडाळतो आणि मागे न बघता चालू लागतो. हेमांगीच्या वडिलांनी अगदी असंच केलं होतं. जत्रेतल्या तंबू टॉकीजचं मशीन चालवायचे ते. त्या दिवशी गेले ते गेलेच.

कोपऱ्यात नाव उमटलं.

“मॅडम, तुमच्या जन्माआधीचा चित्रपट आहे,” प्रभुणे चाचरत म्हणाले. “फाटक, मफलर, सगळं तेच.”

म्हणजे बाबांनी तंबूत रोज बघून बघून तो निरोप उचलला होता. आणि ती जन्मभर तो उराशी धरून बसली होती.

“पुढे काय होतं त्यात?”

प्रभुण्यांनी जुना चित्रपट पुढे सरकवला. “शेवटी बाप परत येतो.”

“शेवटही पाठ असणार बाबांना,” हेमांगी डोळे मिटून म्हणाली. “तेवढीच नक्कल करायची राहिली.”