हार्दिक अभिनंदन

"बघ तेजू, आमदारापेक्षा वीतभर मोठा फोटो लावलाय तुझा! कालच चढवला." स्टँडच्या चौकात अण्णांनी मिशीला पीळ दिला. फ्लेक्सवर 'ऑनलाइन प्रोग्रॅमिंग स्पर्धेची भावी विजेती' म्हणून तेजल हसत होती, आणि खाली शुभेच्छुकांत अख्खी भावकी उभी होती.

तेजलला मात्र फोटोतला कॉम्प्युटरच दिसला. पडद्यावरचा तिचा प्रोग्रॅम रस्त्यापलीकडूनही वाचता येत होता.

"अण्णा, मी तो अजून पाठवला नव्हता! आणखी वेगवान करत होते."

"कर की निवांत. कोण पळवून नेतंय?"

पहिली आली तर पुण्यात फुकट शिक्षण, नाहीतर दहावीनंतर अण्णांची पिठाची गिरणी. तेजल धावत घरी गेली आणि होता तसा प्रोग्रॅम पाठवून मोकळी झाली. पण मास्तर वर्षभर घसा फोडत होते तेव्हा न फिरकलेली पोरं रातोरात स्पर्धेत उतरली होती. पानटपरीवाल्यानं तर म्हणे आपल्या बोकडाच्या नावानंही उत्तर धाडलं होतं.

कॉम्प्युटरनंच तपासलेला निकाल लागला. नक्कल केली म्हणून अख्खं गाव बाद, बोकडासकट. आणि सगळ्यांत शेवटी पाठवणारी तेजलही.

अण्णांनी निकाल दोनदा वाचला. "चारचौघांत मान खाली घालायला लावलीस. दुसऱ्याचं बघून लिहिलंस? उद्यापासून गिरणीवर बस."

"अण्णा, ते माझंच होतं!"

"गप! कॉम्प्युटर कधी खोटं बोलतो होय?"