सुरमईच्या पोटातला फोटो

“सांगितलं तर कुणाला पटायचं नाय, पण तो फोटो मी पुसला,” विठूआबा म्हणाले.

कुणी हसलं नाही. एरवी आबांनी तोंड उघडलं की अख्खं बंदर हसायचं. देवमाशाच्या पाठीवर चूल मांडून चहा प्यायलेला माणूस! त्यांच्या थापेत खोट काढायची संस्थेतल्या अजिंक्यला लहानपणापासून खोड. पण आज तोही गप्प होता.

सकाळी सायबर पोलिसांचा फोन आला होता. मच्छीमार संस्थेच्या ब्लॉकचेनमध्ये, म्हणजे मासळीच्या नोंदींच्या साखळीत, पालीतल्या एका बाईचा चोरून काढलेला, नको तसा फोटो आहे. सर्वेशच्या नावाने चढवलाय, अशी तिची तक्रार आहे. ज्याच्या मशीनमध्ये प्रत, त्याची चौकशी होणार. आम्ही येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

प्रत आठही भागीदारांकडे होती. मासळी कुठे मिळाली, कधी मिळाली, हे परदेशी गिऱ्हाइकाला पटावं म्हणून प्रत्येक नोंद फोटोसकट आठ मशीनांत एकदम चढायची. एकदा चढली की ब्रह्मदेवालाही पुसता येत नसे. याच गोष्टीचं वर्षभर कौतुक चाललं होतं.

सर्वेश संस्थेचा सेक्रेटरी. होडीच्या इंजिनाची किल्ली खिळ्याला लटकते, ज्याला लागेल तो घेतो. तसाच त्याने आपला पासवर्ड कचेरीच्या भिंतीवर चिकटवला होता. होडीवर चालतं ते इथेही चालेल, असं त्याला वाटलं. आता तो त्याच भिंतीला टेकून बसला होता. कचेरीतल्या मशीनवर पोतं टाकलेलं होतं. फोटो कुठल्या नोंदीत आहे ते पोलिसांनी सांगितलं नव्हतं, आणि उघडून बघायची कुणाची छाती नव्हती.

“आबा, तुम्ही मशीनला हात लावलात?” सर्वेशने विचारलं.

“फोन यायच्या आधीच, पहाटे. होडीत घातलं, आरे-वारेच्या किनाऱ्यापुढे नेलं, दोरी बांधून सोडलं पाण्यात. खारं पाणी साखळीच्या कडीकडीत शिरलं. परवाची सुरमईची नोंद हाय ना, तिच्या पोटात होता तो फोटो. सुरमईला समुद्र दिसला. गेली पोहत, फोटो घेऊन!”

“आणि आमच्या सात मशीनांतला?” दमयंती पदराने घाम पुसत म्हणाली. तिच्या घरी मशीन देवघराशेजारीच होतं.

“सुरमई एकटी जाते होय गो? थवाच गेला.”

“पुरे करा, आबा!” सर्वेशला रडू फुटलं. “बाईने माझंच नाव घेतलंय. मला आत टाकतील. घरी बायकोला, ईशाला, सातवा महिना चाललाय हो.”

बाहेर जीप थांबली. दारं आपटली. कुणाच्या तरी हातातला चहाचा पेला खाली पडला, पण तो उचलायला कुणी वाकलं नाही.

आबा मात्र एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग मोठ्याने म्हणाले, “येऊ देत की! सुरमईची नोंद उघडा म्हणावं. फोटो सापडला तर मिशी उतरवीन.”

“खोटं!” अजिंक्य खेकसला. “कसली सुरमई, मेल्या म्हाताऱ्या? बांगड्याच्या नोंदीत आहे तो!”