मोहाचे बोटं

मशीनवर दोनशे शहाऐंशी आकडा आला आन् मैनाच्या मायनं कपाळावर हात मारला.

"वो माय वो! हिले बी झाली का साखर?"

मैना मात्र पोटातल्या पोटात हासली.

दोन वर्सं झाले, तिच्या लहान बहिनीले, डिंपलले, साखरेचा आजार होता. सात वर्साची पोर, दिसातून चारदा सुई. तवापासून घरात डिंपलचंच राज. बाप केवळराम तलावातून मरळ मासोळी आने. मधला तुकडा डिंपलले, मुंडकं मैनाले. डिंपलनं ताट फेकलं तं "साखर उतरली असन बिचारीची." मैनानं फेकलं तं चपराक. बोट टोचाले डिंपल मायच्या मांडीवर बसे. तिच्या सुईचं औषध थंड राहाले मडक्यात, ओल्या रेतीत ठेवत. ते रेती ओली ठेवाले पानी कोन आनन? मैना. एकडाव तं तिनं बाभळीचा काटा मुद्दाम बोटात रुतवून घेतला आन् मायपुढं धरला. माय म्हने, "काढ तो काटा, न् पान्याले जाय."

आज दवाखान्यातल्या आशाबाई सिस्टर आल्या. तपासनी होती. ज्या लेकराले साखर, त्याच्या भावा-बहिनीचं बी रगत पाहाचं. मैना मोहफुलाची टोपली अंगनात टाकून धावतच आली आन् बोट पुढं करून बसली. आशाबाईनं बी घाईत तसंच टोचलं.

आन् आता माय तिले छातीशी धरून रडून राह्यली होती. "माही बाई वो, माही सोन्यासारखी लेक..." मायच्या पदराले मासोळीचा वास येत होता. मैनानं डोळे मिटून तो वास घेतला. किती दिसानं!

आशाबाईले काई पटेना. तिनं मैनाचं बोट नाकाशी नेलं.

"काय व पोरी, मोहा वेचून आली का? बोटं पाह्य कसे चिकट! फुलाची साखर मोजली मशीननं. जाय, साबनानं हात धुवून ये. परत पाहू."

मायचा हात सैल झाला. मैनानं मूठ आवळली.

"नाई धूत."

"काऊन व?" आशाबाईनं पुसलं.

"मले साखरच हाय!"

मायनं मारासाठी हात उगारला. तेवढ्यात डिंपल उठली. साबन आन् पान्याचा लोटा घेऊन आली. मैनाची मूठ मांडीवर घेतली, एकेक बोट सोडवलं आन् वरून पानी ओतलं.

"धू वो बाई," डिंपल म्हने. "तुही तं धुतल्यानं जाते. मी रोजच धुतो."