माया न सोडता

चकतीचं भोक पुन्हा मोठं पडलं. हेडमास्तरांनी कात्री टेबलावर आपटली आणि शनिवारी शाळेच्या समारंभाला आपण जाणार नाही, असं सिस्टरला तिसऱ्यांदा सांगितलं.

ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. पोटावर शौचासाठी कोलोस्टोमीची पिशवी आली, तेव्हापासून सर उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. जुने विद्यार्थी घरी येऊन बोलावून गेले होते. आता गेले नाहीत तर हे कायमचे घरात बसतील, या धास्तीनं त्यांच्या बायकोनंच सिस्टरला बोलावून घेतलं होतं.

"वर्गात आवाज कोणी केला म्हणून मी चाळीस वर्षं पोरांना उभं केलं," सर म्हणाले. "आता भर सभेत माझंच पोट बोललं तर कोणाला उभं करू?"

सिस्टर हसली. पिशवीखाली पोटाला चिकटवायची नवी चकती तिनं तळव्यांत धरून जरा गरम केली आणि कापता कापता वडिलांबद्दल सांगू लागली. ते शिंपी. रविवारी दुकान बंद असलं की मशीनशेजारी बसून आठवड्याच्या चकत्या कापायचे. आधी निळ्या खडूनं गोल आखायचे. तोंडात टाचण्या नसल्या तरी ओठ तसेच घट्ट मिटलेले. पहिल्या वेळी सवयीनं त्यांनी शिवणीसाठी कापडाला सोडतात तशी चहूबाजूंनी माया सोडली. भोक मोठं पडून उघड्या राहिलेल्या कातडीची आग आग झाली. दोन दिवस त्यांना घास गेला नाही. मग म्हणाले, इथे माया सोडायची नाही, बेताचं कापायचं.

पुढे त्यांनी कपड्यांना आतून कप्पे शिवले. पिशवी त्यात बसायची. प्रवास झाले, लग्नकार्यं झाली, कुणाला पत्ता लागला नाही.

"किती वर्षं?"

"बावीस. मागच्या महिन्यात बाबा गेले."

 सर कापलेल्या चकतीची कड बोटानं चाचपत राहिले. कड कुठेही टोचत नव्हती.

"भोगलं त्यांनी," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही नुसतं पाहिलंत. पाहणाऱ्याला 'बाहेर पडा' म्हणणं सोपं असतं, सिस्टर. आणि आता तर तुम्ही या कापाकापीतून सुटलात."

सिस्टरनं कात्री पुसून ठेवली. मग उभी राहून तिनं गणवेशाच्या सदऱ्याची कड वर उचलली. आत शिवलेल्या कप्प्यात पिशवी होती.

"सुटले नाही, सर. आता माझी चकती मलाच कापावी लागते."